शेवटचा माणूस परत येईपर्यंत

लष्कर भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले की पूर्ण 60 गुण. हा आकडा पारनेर, पाथर्डी, शेवगाव, कर्जतकडच्या पोरांना पाढ्यासारखा पाठ असतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतल्या 50 गुणांपैकी 20 याच सोळाशेचे, मुलींसाठी ते आठशे मीटर. अहिल्यानगर म्हणजेच नगर जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा आणि जमिनीचे तुकडे लहान, त्यामुळे सरकारी नोकरीचा सर्वांत सरळ रस्ता मैदानातून जातो. अहिल्यानगरात भल्या पहाटे धावणाऱ्यांची एवढी गर्दी का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं उत्तर वेगळ्या माणसांचं आहे. भुईकोट किल्ल्याभोवती, वाडिया पार्कात, भिंगारच्या छावणीतल्या झाडीच्या रस्त्यांवर आणि रविवारी चांदबीबी महालाच्या चढावर डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, बँकेत काम करणाऱ्या बायका दिसतात. पंचेचाळिशीत शुगर वाढली म्हणून कुणी सुरुवात केलेली असते, आणि पुढे हाफ मॅरेथॉनचा नाद लागलेला असतो. धावण्याचा क्लब म्हणजे या दोन्ही जगांची एकत्र मोट. सतरा वर्षांचा भरतीवाला आणि बावन्न वर्षांचा दुकानदार एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकाच सरांच्या शिट्टीवर धावतात.

धावण्याच्या पुस्तकांत बूट, श्वास, आहार, वेग यांवर प्रकरणं असतात. क्लबात आलेल्या माणसाची काळजी कुणी आणि कशी घ्यायची, यावर सहसा एक पानही नसतं. मला ते पान या सगळ्यांच्या आधी यायला हवं असं वाटतं. बूट चुकले तर गुडघा दुखतो. काळजीची व्यवस्था चुकली तर माणूस जातो, किंवा जिवंत राहूनही आयुष्यभर मैदानाकडे पाहू शकत नाही.

सुरुवात वयापासून करू. लष्करात अग्निवीर होण्यासाठी किमान वय साडेसतरा वर्षं आहे. म्हणजे तयारी सोळाव्या-सतराव्या वर्षी सुरू होते. कायद्याच्या लेखी अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मग तिला मिसरूड फुटलेली असो की ती सोळाशे मीटर पाच मिनिटांत मारत असो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे किंवा ज्याचा मुलावर अधिकार चालतो, अशा माणसाने अत्याचार केला तर तो गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. प्रशिक्षक, अकॅडमीचा चालक, वसतिगृहाचा व्यवस्थापक, क्लबचा वरिष्ठ धावपटू, हे सगळे त्यात येऊ शकतात.

आपल्याकडे प्रशिक्षकाचा अधिकार फार मोठा असतो. त्याची मुळं तालमीत आहेत. तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा. पठ्ठ्याने काय खायचं, कधी झोपायचं, कुणाशी कुस्ती धरायची, सगळं वस्ताद ठरवणार. या परंपरेने महाराष्ट्राला मोठे मल्ल दिले आणि हजारो पोरांना वळण लावलं, हे मी मनापासून मानतो. धावण्याच्या मैदानावरच्या 'सरां'ना हा मान आयता मिळाला. पण तालीम गावाच्या मध्यावर असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आत जायची. वस्ताद, पठ्ठ्याचे आजोबा आणि गावचा पाटील एकमेकांना चार पिढ्या ओळखत. आजचे सर दुसऱ्या तालुक्यातले, अकॅडमी बायपासला, मुलगा वसतिगृहात, आई-बाप ऊसतोडीला किंवा शेतात, आणि फी अर्धी थकलेली. अधिकार तेवढाच राहिला, भोवतीची नजर मात्र गेली.

अशा ठिकाणी वाईट माणूस शिरतो तो वाईट दिसून शिरत नाही. तो सर्वांत मदत करणारा असतो. गरीब मुलाला बूट घेऊन देतो, मुलीला पहाटे घरून आणायला स्वतःची गाडी काढतो, दुखऱ्या पोटरीला स्वतः मालिश करून देतो. मग रात्री साडेदहाचा मेसेज सुरू होतो, आधी सरावाबद्दल, मग इतर. मग 'हे घरी सांगू नको, ते तुझं धावणं बंद करतील' हे वाक्य येतं. त्या वाक्यात खरी ताकद असते, कारण मुलीला ठाऊक असतं की घरचे खरोखरच धावणं बंद करतील. या जिल्ह्याने जुलै 2016 मध्ये कोपर्डीतला मुलीवरचा बलात्कार आणि खून पाहिला आहे. त्या घटनेनंतर किती मुलींचं घराबाहेर पडणं आखडलं, हे गावागावातल्या शिक्षकांना माहीत आहे. त्रास झाल्याचं सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच होणार, असा हिशेब मुलगी करते आणि गप्प बसते. म्हणून क्लबने पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगायला हवं की तक्रार आली तर मुलीचा सराव थांबणार नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, तो चौकशी होईपर्यंत मैदानावर येणार नाही.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाबरोबर एकच मोठा माणूस कधीच नसावा, गाडीत, खोलीत, मालिशच्या पलंगाशी कुठेच नाही. कायम दोघे. मुलांना मेसेज करायचा तर ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर पालक हवेत. पुण्या-मुंबईच्या स्पर्धेला मुक्काम पडला तर मुलांची खोली वेगळी, मोठ्यांची वेगळी, आणि मुलींसोबत क्लबातली एक बाई हवीच. मालिश, स्ट्रेचिंगला हात लावण्याआधी विचारायचं, आणि ते चारचौघांत करायचं. मानधनावर किंवा फुकट शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाकडून पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्यायचं. अर्थात प्रमाणपत्रावर विसंबून बसणं धोक्याचं, कारण ज्याची तक्रारच कधी झाली नाही त्याचाही कागद स्वच्छ निघतो. दोन मोठ्यांचा नियम त्या कागदापेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे. आणि तो चांगल्या प्रशिक्षकालाही वाचवतो, खोट्या आळापासून.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एक नाव ठरवणं. क्लबात काही खटकलं तर ते कुणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक सभासदाला पाठ हवा. ही व्यक्ती मुख्य प्रशिक्षक नसावी, क्लबचा संस्थापक नसावा, त्यांच्या घरचीही नसावी. शक्यतो दोघे असावेत, त्यातली एक बाई. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडीचं काम केलेली ताई, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांना वेग कळायची गरज नाही. ऐकून घेता आलं पाहिजे, आणि ऐकल्यावर पुढे काय करायचं ते माहीत पाहिजे.

पुढे काय करायचं, यात क्लब हमखास घसरतात. 'आधी आपापसात बघू', 'सरांचा संसार आहे', 'क्लबचं नाव जाईल' असं म्हणत समिती बसते. पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाने हा पर्याय ठेवलेलाच नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होऊ शकतो असं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कसलीही कारवाई होत नाही. खरं-खोटं ठरवणं क्लबचं काम नाही, ते पोलीस आणि न्यायालयाचं. क्लबने मुलाचं ऐकायचं, पुन्हा पुन्हा तेच विचारून त्याला भंडावायचं नाही, जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी कळवायचं. पोलीस ठाण्याच्या पायरीची भीती असते, म्हणून पालकांना हेही सांगावं की मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि साध्या कपड्यांत घ्यावा असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मुलाचं नाव बाहेर फोडायलाही बंदी आहे.

कळवायला पोलिसांचा 112 आहे, आणि मुलांसाठी 1098. ही चाइल्डलाइन 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. अहिल्यानगरात तिचं काम अनेक वर्षं 'स्नेहालय'च्या कार्यकर्त्यांनी केलं. 1989 मध्ये गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी उभ्या केलेल्या या संस्थेमुळे संकटातल्या मुलांसाठी रात्री-अपरात्री धावून जाणारी माणसं जिल्ह्याला मिळाली. 2023 पासून 1098 सरकारी यंत्रणेकडे आहे. जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती आहे. त्यांचा पत्ता नि फोन क्लबच्या फलकावर, स्पर्धांच्या फोटोंच्या वर लावावा.

जगात ही व्यवस्था कुठेही आपोआप आली नाही. ब्रिटनच्या ऑलिम्पिक जलतरण संघाचा माजी प्रशिक्षक पॉल हिक्सन याला 1995 मध्ये मुलींवरच्या अत्याचाराबद्दल सतरा वर्षांची शिक्षा झाली. त्या धक्क्यानंतर 2001 मध्ये इंग्लंडात खेळातील बालसंरक्षणासाठी वेगळा कक्ष उभा राहिला. आज तिथल्या गल्लीतल्या ॲथलेटिक्स क्लबलाही 'वेलफेअर ऑफिसर' नेमावा लागतो. आपल्याकडे जानेवारी 2023 मध्ये महिला कुस्तीपटू लैंगिक छळाविरुद्ध जंतर मंतरवर बसल्या, तेव्हा कुठे देशाने हा प्रश्न मोठ्याने बोलायला घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात, तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी निम्म्यांकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी नियमानुसार समितीच नाही अशी बातमी आली आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटिसा काढल्या. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्यात सुरक्षित खेळाच्या धोरणाची तरतूद आहे. पण हा कायदा महासंघांपाशी थांबतो. शेवगावच्या शाळेच्या मैदानावरचा क्लब कुठल्याच महासंघाच्या वहीत नसतो. अनेक क्लब तर धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेले नसतात, त्यांचं सगळं अस्तित्व एका ग्रुप ॲडमिनच्या फोनमध्ये. तिथे नियम करायचे ते सभासदांनीच.

मोठ्या वयाच्या बायकांच्या बाबतीत 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, सरावाची आणि स्पर्धेची जागाही येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने जिथे अंतर्गत समिती नाही, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. 'सांगू, आधी स्पर्धा होऊ दे' म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते.

पण बायकांच्या धावण्यातला रोजचा त्रास बहुतेक वेळा क्लबाबाहेरचा असतो. पहाटे सव्वापाचला पाइपलाइन रोडवर मागून मोटरसायकलचा वेग कमी होतो, शेजारून काहीतरी बोललं जातं, गाडी पुढे जाऊन वळते आणि पुन्हा येते. त्या वेळी ज्या बाईच्या पुढे दोनशे मीटरवर क्लबातले वेगवान पुरुष आहेत आणि मागे कुणीच नाही, तिला क्लबचा काय उपयोग? इथे सगळा प्रश्न वेगाचा आहे. क्लब सुरुवातीला एकत्र निघतो आणि पहिल्या किलोमीटरमध्येच विस्कटतो. सर्वांत मागे राहणारी बहुधा नवखी असते, वजन कमी करायला आलेली, नाहीतर बाळंतपणानंतर पुन्हा धावू लागलेली. जिला सोबतीची सर्वांत जास्त गरज, तिलाच क्लब मागे सोडतो.

म्हणून मागचा धावपटू ही क्लबातली सर्वांत मोठी जबाबदारी असायला हवी. त्या दिवशी त्याने स्वतःचा वेग विसरायचा आणि शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं. ही पाळी सगळ्यांना यावी, सर्वांत वेगवानालाही. निघताना हजेरी घ्यायची, परत आल्यावर ताळा करायचा, आणि आकडा जुळल्याशिवाय चहाला जायचं नाही. क्लबची पहाट पहिल्या येणाऱ्याबरोबर संपत नाही, शेवटचा माणूस परत आल्यावर संपते. त्याच गाडीवाल्याने दुसऱ्यांदा पाठलाग केला तर नंबर टिपून पोलिसांत द्यावा. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि दहा जणांनी मिळून दिलेल्या तक्रारीला वजन येतं.

आता शरीराकडे. धावताना कोसळलेला माणूस मुख्यतः दोन कारणांनी मरू शकतो, ऊन आणि हृदय. दोन्हींत पहिली दहा-पंधरा मिनिटं निर्णायक असतात, आणि तेवढ्या वेळात रुग्णवाहिका क्वचितच पोचते. ती पंधरा मिनिटं क्लबच्याच हातात असतात.

जून 2014 मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून उमेदवार दगावले. राज्यभरातून आलेली ही पोरं रात्रभर प्रवास करून, फुटपाथवर झोपून, पुरेसं न खाता मैदानात उतरली होती. त्यात आणखी एक गोष्ट नगरच्या पोराने नीट समजून घ्यावी. आपली हवा कोरडी. घाम येतो आणि लगेच उडतो, उडताना अंग थंड करतो. मुंबईची जूनची हवा ओली. घाम वाहतो पण उडत नाही, त्यामुळे तीस-बत्तीस अंशांतही अंग आतून तापत जातं. नगरच्या चाळीस अंशांत तयार झालेल्या पोराला वाटतं, आपल्याला उन्हाची सवय आहे. ती सवय निम्मीच असते. नव्या हवेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. भरतीला निघालेल्या पोरांना एवढे दिवस मिळत नाहीत, मग निदान आदल्या रात्रीची झोप, पोटभर जेवण आणि छपराखालची जागा यांची सोय क्लबने करावी. मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेले क्लबचे जुने सभासद असतातच, त्यांच्या घरी दोन-दोन पोरांची सोय केली तरी मोठं काम होतं.

उष्माघात ओळखायचा तो वागण्यावरून. पोरगा अडखळतो, भलतंच बोलतो, कुठे आहे विचारलं तर चिडतो किंवा बघतच राहतो. त्याचं अंग कोरडं असेलच असं नाही, धावताना झालेल्या उष्माघातात घामाने निथळणारा माणूसही आतून चाळीस अंशांपुढे गेलेला असतो. कपाळाला लावायचं थर्मामीटर इथे फसवतं. अशा वेळी आपल्याकडची रीत म्हणजे उचला, गाडीत घाला आणि दवाखान्यात पळवा. क्रीडावैद्यकाचा सल्ला याच्या उलट आहे: आधी थंड करा, मग हलवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फालमथ नावाच्या गावी दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत उष्माघाताचे 274 धावपटू जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवून थंड केले गेले, आणि त्यांतला एकही दगावला नाही.

टब नसला तर ताडपत्री चालते, आणि नगर जिल्ह्यात ताडपत्री नसलेलं घर सापडणं अवघड. कांदा झाकायची साधी ताडपत्री जमिनीवर पसरायची, पोराला मधोमध झोपवायचं, चारी बाजूंनी सहा-सात जणांनी कडा धरून कमरेपर्यंत उचलायच्या म्हणजे तिची झोळी होते. त्यात पाणी ओतायचं, बर्फ टाकायचा, आणि झोळी हळूहळू हलवत राहायची म्हणजे अंगालगतचं गरम झालेलं पाणी बदलत राहतं. डोकं एकाने कायम पाण्यावर धरायचं. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ताप एकोणचाळीसच्या खाली यायला हवा. दरम्यान दुसऱ्याने रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन केलेला असावा. उन्हाळ्यातल्या लांब सरावाला टेम्पोत ताडपत्री, वीस लिटरचे चार जार आणि आइस्क्रीमच्या गाडीवाल्याकडून घेतलेला बर्फाचा खोका एवढं ठेवलं तर बास. हंगाम सुरू होताना एका निरोग्याला झोपवून सगळ्यांनी हे एकदा प्रत्यक्ष करून बघावं. कागदावर वाचलेली झोळी ऐन वेळी उचलता येत नाही. आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

शुद्धीवर असलेल्यालाही पाण्याचा आग्रह बेतानेच करावा. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलं होतं, कारण त्यांतले अनेक जण धावताना घामापेक्षा जास्त पाणी प्याले होते. तहान लागेल तेवढं प्यावं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत असू द्यावं.

हृदयाचा धोका मुख्यतः चाळिशीपुढच्या पुरुष सभासदांना असतो, तरुणांत जन्मजात दोष असलेल्यांना. त्याची भीती घालण्याचं कारण नाही. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या एक कोटी नऊ लाख धावपटूंत हृदय बंद पडण्याच्या 59 घटना नोंदल्या गेल्या, त्यांत 42 मृत्यू झाले. जे वाचले ते बहुतांशी शेजारच्या माणसाने लगेच छाती दाबायला घेतली म्हणून. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हात न थांबवता. हे शिकायला एक सकाळ पुरते. क्लबात डॉक्टर सभासद असतातच, त्यांनी वर्षातून एक रविवार त्यासाठी द्यावा. नव्या सभासदाला विचारावं की घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का, धावताना छातीत कधी दाटून आलं का, कधी भोवळ आली का. एकालाही हो उत्तर आलं तर आधी तपासणी, मग धावणं. यावर तडजोड नको, माणूस कितीही रुसला तरी.

अकोले तालुक्यात पावसाळ्यात डोंगरात धावायला जाणाऱ्या गटांनी थंडीचाही विचार करावा. कळसूबाई 1646 मीटर उंच आहे, तिच्या माथ्यावरच्या वाऱ्यात भिजलेला माणूस तासाभरात गारठतो. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा आणि वारा आला, आणि 21 धावपटू थंडीने गेले. एका मेंढपाळाने गुहेत शेकोटी करून सहा जणांना वाचवलं. वारा अडवणारं जाकीट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं.

आणि अन्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. त्यात धावणारी मुलगी कमी जेवत असेल, संकष्टी-एकादशीला उपाशी पळत असेल आणि वजन कमी केलं की वेग वाढेल असं तिला कुणी सांगितलं असेल, तर तिची पाळी अनियमित होते, हाडं कमजोर होतात, नडगीत बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये या अवस्थेला नाव देऊन सांगितलं की ती मुलांनाही होते. प्रशिक्षकाने सर्वांसमोर वजन करणं आणि त्यावर बोलणं बंद करावं. मुलगी पाळीबद्दल सरांशी बोलणार नाही, ताईंशी बोलेल. ज्यांचं नाव आपण ठरवलं त्या ताईंचा उपयोग असा इतरही ठिकाणी होतो. इंजेक्शनबद्दलही तसंच ताईंशी बोलता यावं. 'एक टोचून घे, दम लागणार नाही' म्हणणारे मैदानाच्या कडेला फिरत असतात. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक चाचणीचं पथक आल्याचं कळताच शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला, मैदानाच्या स्वच्छतागृहात सिरिंजांचा खच सापडला. खेड्यातल्या पोराला तर त्या बाटलीत काय आहे हेही ठाऊक नसतं.

नगरच्या हद्दीला लागून आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तिथला अविनाश साबळे लष्करात भरती झाला, मग स्टीपलचेसकडे वळला, आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण घेऊन आला. या पट्ट्यातल्या प्रत्येक क्लबात त्याचं नाव निघतं, आणि निघावंच. पण भरतीच्या ज्या वाटेवर तो होता, त्याच वाटेवर त्याच्यासारखी हजारो पोरं आहेत. त्यातली बहुतेक भरतीत बसत नाहीत. दोन गुणांनी जातात, छातीच्या मापात जातात, लेखीत जातात, आणि शेवटी वय उलटतं. गावात सगळ्यांना माहीत असतं की पोरगा चार वर्षं ग्राउंड मारत होता. त्याला लग्नाची स्थळं येत नाहीत, वडिलांनी अकॅडमीच्या फीसाठी काढलेलं कर्ज फिटलेलं नसतं. निकालाच्या दिवशी क्लबाच्या ग्रुपवर निवड झालेल्यांचे फोटो आणि गुलाल येतो. बाकीचे गपचूप ग्रुपमधून बाहेर पडतात. मला क्लबाच्या सगळ्या कामांत हे काम सर्वांत अवघड वाटतं आणि सर्वांत दुर्लक्षित.

या पोरांकडे द्यायला खूप काही असतं. वेग राखून पळवणं, नवख्यांना शिकवणं, मैदान आखणं, वेळ घेणं हे त्यांना प्रशिक्षकाइतकंच येतं. त्यांच्यासाठी क्लबात मानाची जागा आणि जमेल तसं मानधन हवं, म्हणजे भरतीचं वय उलटलं तरी त्यांचं मैदान सुटत नाही. क्लबातल्या व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी कामाला लावून घेतलं तर त्याहून चांगलं. झोप उडालेला, बोलणं बंद झालेला, 'माझा काही उपयोग नाही' म्हणणारा कुणी दिसला तर टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पण नंबर देऊन सुटका नको, पहिला फोन त्याच्या शेजारी बसून लावावा. हजेरीची वही असतेच. पंधरा दिवस न आलेल्याला फोन कुणी करायचा, त्याचं नाव त्याच वहीत लिहिलेलं असावं, आणि त्या फोनवर पहिला प्रश्न सरावाचा नसावा.